बिभीषणराव रेलून बघतात

आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीत कुणाकडे नवी खुर्ची आली, की बिभीषणराव शिंगाड्यांना थोडे दिवस चहाला बोलवत नाहीत. माणूस अत्यंत गोड, पण नवी खुर्ची दिसली की तिच्यावर बसण्याआधी रेलून बघतात. नुसतं टेकणं नव्हे. पाय रोवायचे, दोन्ही हात सोडायचे आणि अंगातलं सगळं वजन मागे टाकायचं. खुर्ची टिकली तर "हां, चांगली हाय" म्हणतात आणि मग चहा घेतात. टिकली नाही तर उठून, कपडे झटकून, घरमालकाकडे अशा नजरेनं बघतात की जीव वाचवल्याबद्दल त्यानंच यांचे आभार मानावेत.

गॅलरीचे कठडे, दवाखान्यातलं बाकडं, गणपतीच्या मंडपाचा बांबू, कशालाही ही परीक्षा चुकलेली नाही. त्यांची मुलगी रत्नमाला, हिला बघायला आलेल्या मुलाशीही बिभीषणरावांनी हात मिळवला आणि किंचित मागे रेलले. मुलगा जागचा हलला नाही. लग्न ठरलं. जावई अजून सांगतात, की मला वाटलं सासऱ्यांना चक्कर आली.

सवय नोकरीतली आहे. बिभीषणराव वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढायचं, कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवायचा आणि मागे रेलायचं. पट्ट्यानं धरलं की दोन्ही हात मोकळे आणि काम सुरू. म्हणून जमिनीपासून हातभर वर असतानाच पट्टा रेलून तपासायचा, असा त्यांच्यात दंडक. हा दंडक त्यांनी एकदाच मोडला. एका खेड्यात लग्नघरची लाइट गेली होती, वरात दारात आली होती, आणि बिभीषणराव घाईघाईत दुसऱ्याचा पट्टा बांधून थेट वर गेले. वर जाऊन रेलले आणि खाली आले. खाली कडब्याची गंजी होती म्हणून निभावलं. गंजीच्या मालकानं आधी कडबा बघितला, मग माणूस. तेव्हापासून त्यांचा डावा हात कानाच्या वर जात नाही आणि त्या खांद्यावर काही अडकवता येत नाही. आणि तेव्हापासून ते सगळ्यावर रेलून बघतात.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या रविवारच्या टोळीत आले. टोळी म्हणजे कॉलनीतली पाच-सहा हौशी माणसं. रविवारी सकाळी कधी हर्सूलच्या तलावाकडे, कधी सातारा डोंगराकडे चालत हिंडायचं आणि दुपारी घरी येऊन झोपायचं. पुढारी विश्वजीत, बँकेत आहे, वयानं आमच्या मुलांएवढा. त्याच्याकडे डोंगराचे बूट, डोंगराची काठी, डोंगराची टोपी आणि डोंगराचं घड्याळ असं सगळं आहे. सगळ्यांत मागे मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि बिभीषणराव. मला गुडघे आहेत आणि त्यांना वाटेतला प्रत्येक विजेचा खांब बघायचा असतो.

त्यांच्या पत्नी सारजाबाईंना हा उद्योग समजत नसे. दोघांचीही घरं मूळची मेंढपाळांची, अजिंठ्याकडच्या डोंगरातली. बिभीषणराव लहानपणीच शिकायला शहरात आले. सारजाबाई मात्र लग्न होईपर्यंत कोकरं सांभाळत होत्या. त्यांच्या हिशेबानं डोंगरात माणूस एकाच कारणासाठी जातो.

"तुमचं काय हरवलंय तिथं?" त्या दर रविवारी विचारत. "मेंढरू ना बकरू. नुसतं जायचं अन् नुसतं यायचं. ह्याला काय म्हणावं?"

"ट्रेकिंग म्हणतात," बिभीषणराव म्हणत.

"म्हणू द्या."

दिवाळीच्या आधी गोगाबाबा टेकडीवर जरा घोटाळा झाला. बिभीषणरावांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि त्या दिवशी ते सकाळी काही न खाताच निघाले होते. अर्ध्या चढावर ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, टेकडी हलायला लागली."

मी त्यांना खाली बसवलं. हात थरथरत होते, कपाळावर घाम. रक्तातली साखर उतरली होती हे मलाही कळलं. त्यांची खडीसाखर होती, पण ती विश्वजीतच्या सॅकमध्ये, कारण यांच्या खांद्याला सॅक चालत नाही. विश्वजीत पार वर पोचून फोटो काढत होता. मी हाका मारल्या. वर्गावर ओरडून कमावलेला आवाज आहे, त्याला ऐकू गेला. त्यानं वरून आनंदानं हात हलवला. मी आणखी जोरात ओरडले. त्यानं दोन्ही हात हलवले. शेवटी देवळातून उतरणाऱ्या एका जोडप्यानं प्रसादाचे साखरफुटाणे दिले, ते खाऊन टेकडी जागेवर आली.

हे मी रत्नमालाला सांगितलं. ती माझी विद्यार्थिनी, आता एका दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना निकाल सुनावला.

"आबा, पाणी, गोळ्या, खडीसाखर, फोन, सगळं तुमच्या अंगावर पायजे. दुसऱ्याच्या सॅकमध्ये नाही. ते जमलं तर जायचं. नाहीतर रविवार बंद."

एरवी त्यांनी वाद घातला नसता. पण पुढचा मोठा रविवार अजिंठ्याचा ठरला होता. लेण्यांसमोरच्या डोंगरावर जायचं, तिथून पायवाटेनं खाली नदीपर्यंत उतरायचं आणि परत वर चढायचं. त्याच डोंगरात बिभीषणरावांचे वडील मेंढरं चारत. "वाट मी दाखवणार," असं ते दोन महिने सगळ्या कॉलनीला सांगत होते. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. त्यामुळे कमरेला बांधायचा पाऊच घेणं भाग होतं.

विश्वजीतनं लगेच मोबाइलवर दहा-बारा पाऊच दाखवले. "हा बघा काका, वॉटरप्रूफ आहे, आणि मागची बाजू श्वास घेते."

"काय घेती?"

"श्वास. म्हणजे घाम येत नाही."

बिभीषणराव माझ्याकडे वळले. "पिशवी श्वास घेती बाई, अन् दम मला लागतो." मग विश्वजीतला म्हणाले, "फोटोवर रेलता येत नाय. दुकानात जावं लागंल."

औरंगपुऱ्याकडच्या एका बॅगांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. ते, मी, आणि सारजाबाई. सारजाबाई दाराशी स्टुलावर बसल्या. आपला याच्याशी संबंध नाही हे दिसावं म्हणून तोंड रस्त्याकडे. दुकानदार मुजीब, चाळिशीचा, हसतमुख. त्यानं काउंटरवर पाऊचची रास मांडली.

"चचा, ये देखो. इसमें दो चेन, बोतल का जागा अलग. ये मॉर्निंग वॉकवाले ले जाते."

तो पोपटी रंगाचा होता. बिभीषणरावांनी आत बघितलं नाही, चेन उघडली नाही. पट्टा हातात धरून दोन झटके दिले आणि दुकानाच्या मधोमध असलेल्या खांबाकडे गेले. मला पुढचं दिसलं, पण बोलायला उशीर झाला. त्यांनी पट्टा पूर्ण लांब केला, खांबाला आणि स्वतःला एकत्र बांधून घेतलं, पाय रोवले, हात सोडले आणि मागे रेलले.

टक् असा आवाज झाला. बिभीषणराव शाळेच्या दप्तरांच्या ढिगावर बसले.

मुजीब काउंटरवरून उडी मारून आला. "चचा, लगी तो नहीं?"

"लगी नाय. पर ये पट्टा कच्चा है."

"चचा, ये पहाड पे पहनने का है. पहाड से लटकने का नहीं."

"पट्टा म्हणजे पट्टा," बिभीषणराव म्हणाले, आणि दुसरा उचलला.

दुसऱ्याची क्लिप टिकली पण शिवण उसवली. मुजीबनं तिसरा देताना स्वतःच दप्तरं बाजूला सारली आणि तिथं एक गादीसारखी मोठी प्रवासी बॅग आडवी ठेवली. सारजाबाई रस्त्याकडेच बघत म्हणाल्या, "बाई, पडले का?"

"दोनदा," मी म्हणाले.

"अजून एकदा पडतील. मग जेवायला जाऊ."

पण तिसरा पट्टा वेगळा होता. जाड, काळा, लष्करी दिसणारा, लोखंडी बकल असलेला. मुजीबनं तो आतून कुठूनतरी धूळ झटकत आणला. बिभीषणराव रेलले. काही झालं नाही. आणखी रेलले. काही झालं नाही. त्यांचे डोळे समाधानानं छताकडे लागले. इतक्या वर्षांनी खांबाला टेकलेला तो माणूस बघून मलाही बरं वाटलं. छताकडे बघता बघता ते म्हणाले, "तुमच्या पंख्याची वायर बदला. वरचं प्लॅस्टिक गेलंय."

"बदलेंगे चचा. पहले आप सीधे हो जाओ."

ते सरळ झाले, पण बकल उघडेना. त्यांनी दाबून पाहिलं, मुजीबनं ओढून पाहिलं, मी चष्मा लावून वाकून पाहिलं. एक गिऱ्हाईक आलं, खांबाला बांधलेला माणूस बघून परत गेलं. शेवटी मुजीबनं स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बकल उचकटलं. सुटल्यावर बिभीषणराव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असाच पायजे."

तो घेतला. उसवलेला पाऊच मुजीब घेऊ देईना, "टाका मार लेंगे" म्हणाला. पण तुटक्या क्लिपचा पोपटी पाऊचही बिभीषणरावांनी घेतलाच. मोडलं त्यानं घ्यायचं, याबाबत ते कडक आहेत. आजवरच्या अशा खुर्च्यांनी त्यांच्या घराची गच्ची भरली आहे. पोपटी पाऊच सारजाबाईंनी ताब्यात घेतला आणि त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरले.

आठवडाभर बिभीषणराव तो काळा पट्टा बांधून कॉलनीत फिरले. दिसेल त्याला म्हणत, "ओढा. ओढून बघा." लोक ओढून बघत आणि वाहवा करत. सगळं छान चाललं होतं.

अजिंठ्याच्या आदल्या संध्याकाळी रत्नमाला ड्युटी संपवून आली. मीही तिथंच होते. सारजाबाईंनी मेथीची जुडी निवडायला घेतली होती आणि मी मदतीच्या नावाखाली गप्पा मारत होते. रत्नमालानं पट्टा बघितला, ओढून बघितला, मान हलवली. मग वडिलांना खुर्चीवर बसवलं.

"डोळे मिटा आबा."

"कशाला?"

"साखर उतरल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते. मिटा. आता हात थरथरतायत असं समजा."

"समजायचं कशाला? तू समोर उभी हायस."

"एका हातानं खडीसाखर काढा."

बिभीषणरावांनी डोळे मिटून सुरुवात केली. आधी पाऊचची वरची झडप होती, तिला व्हेल्क्रोची पट्टी. ती दोनदा उघडली आणि दोनदा आपोआप चिकटली. झडपेखाली हूक. हुकाखाली चेन, ती अर्ध्यात अडकली. मग हात आत गेला आणि वस्तू बाहेर येऊ लागल्या. टेस्टर. चिकटपट्टीचं काळं रीळ. कंगवा. फ्यूजची तार. पुन्हा एक टेस्टर.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक बिघडला तर," ते डोळे मिटूनच म्हणाले.

सारजाबाई उठून आत गेल्या, चहा ठेवला, तो उकळला, गाळून घेऊन बाहेर आल्या. बिभीषणरावांच्या हातात तेव्हा चष्म्याची डबी होती.

"आबा," रत्नमाला म्हणाली, "तुम्ही बेशुद्ध पडून अर्धा तास झाला."

त्यांनी डोळे उघडले.

"तुम्ही पट्टा आणला," ती हळू आवाजात म्हणाली. "पिशवी आणलीच नाही. हा तुम्हाला खांबावर धरून ठेवंल. पण तुम्ही उद्या खांबावर नाही चाललात. मी नाही पाठवणार."

बिभीषणराव उठले. पट्टा काढायला गेले तर बकल उघडेना. पकड आणली, बकल उचकटलं, पट्टा घडी करून टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं तिथूनच मला म्हणाले, "बाई, विश्वजीतला सांगा. वरून निघाल्यावर मोठी वाट सोडायची. एक जांभळीचं झाड हाय, असंल अजून. तिथून डाव्या हातानं उतरायचं. उजवीकडं उतरतात सगळे, तिकडं मुरूम लई सुटा हाय."

जाणाऱ्या माणसाला वाट सांगावी तसं ते सांगत होते. रत्नमाला मेथीच्या काड्या उगाच पुन्हा निवडू लागली.

सारजाबाई आतल्या खोलीत गेल्या. चिमटे पलंगावर ओतल्याचा आवाज आला. पोपटी पाऊच घेऊन त्या बाहेर आल्या आणि टेबलावरच्या काळ्या पाऊचमधून खडीसाखरेची पुडी, गोळ्या, फोन काढून त्यात टाकला. कडेच्या जागेत पाण्याची बाटली बसवली.

"ह्याच्यात बघा."

"त्याची क्लिप तुटल्याली हाय," बिभीषणराव म्हणाले.

"क्लिप कुणाला पायजे?" त्यांनी नवऱ्याला हाताला धरून गॅलरीतून आत आणलं, पट्ट्याची दोन टोकं पोटावर घेतली आणि एक गाठ मारली. "आम्ही कोकरं ह्यानंच बांधायचो. कोकरू किती का वढंना, गळ्याला फास बसत नाय. अन् हे टोक वढलं की मोकळं." त्यांनी टोक ओढलं, पट्टा खाली पडला. पुन्हा बांधला.

बिभीषणरावांना ही गाठ येत नव्हती. त्यांना लाइनमनच्या गाठी येतात, ज्या पुढे कापाव्या लागतात.

"डोळे मिटा," रत्नमाला म्हणाली.

त्यांनी मिटले. हात कमरेवर गेला, चेन एका बोटानं सरकन उघडली, आणि खडीसाखर बाहेर. मी तोंडातला चहाचा घोट गिळायच्या आत. चेन इतकी गुळगुळीत झाली होती त्याचं कारण साधं होतं: आठवडाभर सारजाबाई गच्चीवर एका हातानं ओली साडी धरून दुसऱ्या हातानं त्यातून चिमटे काढत होत्या.

रत्नमालानं पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा तसंच. "जा," ती म्हणाली.

बिभीषणराव खूश झाले आणि सवयीनं दाराच्या चौकटीकडे वळले. "फक्त एकदा रेलून..."

"नाही," आम्ही तिघी म्हणालो.

"रेललात तर रविवार बंद," रत्नमाला म्हणाली.

"न रेलता जायचं?"

"न रेलता."

त्यांनी पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. कडब्याची गंजी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. पण ते चौकटीपासून मागे सरले.

सकाळी गाडी आली तेव्हा बिभीषणरावांच्या आधी सारजाबाई आत बसल्या. अंगात स्वेटर, पायात रत्नमालाचे बूट.

"मावशी, तुम्ही पण?" विश्वजीतनं विचारलं.

"गाठ मला एकटीला येती. सुटली तर कोण बांधणार, तू?"

विश्वजीतनं बिभीषणरावांच्या कमरेकडे बघितलं. "काका, कलर मस्त आहे."

"पोपट बसल्यासारखा दिसतो," सारजाबाई म्हणाल्या.

डोंगरावर पोचल्यावर लोखंडी कठड्याला टेकून सगळ्यांना फोटो काढायचे होते. बिभीषणरावांनी कुणाला टेकू दिलं नाही. ते आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक नळी रेलून बघत गेले. कठड्यावर रेलायची बंदी नव्हती. शेजारी आलेल्या परगावच्या मंडळींना ते सरकारी तपासणीस वाटले. तीही रांगेत थांबली. शेवटच्या नळीला "हां" म्हणून त्यांनी परवानगी दिली.

मग ते पुढे आणि आम्ही मागे. जांभूळ होतं. ते डावीकडे वळले, विश्वजीत त्यांच्या मागे. उतारावर एका सपाट जागी थांबून त्यांनी दाखवलं, की इथं वडील मेंढरं बसवत, इथं चूल, इथं कुत्रं. आम्हाला दगड आणि वाळकं गवत दिसत होतं. सारजाबाईंनी एकदा चहूकडे बघितलं. "जागा चांगली हाय," म्हणाल्या. "वारं लागत नाय." त्यानंतर डोंगरात काय हरवलंय असं त्यांनी दिवसभरात विचारलं नाही.

परत चढताना ऊन वाढलं होतं. बिभीषणराव बोलता बोलता गप्प झाले. मी त्यांच्या मागेच होते. ते एका दगडावर बसले, डोळे मिटले. त्यांचा हात कमरेवर गेला, चेन उघडली, खडीसाखरेचे तीन-चार खडे तोंडात गेले, पाण्याचे घोट गेले. वरच्या वळणावर सारजाबाई थांबून बघत होत्या. त्या खाली आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसत्या पदरानं तोंड पुसत उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं बिभीषणरावांनी डोळे उघडले. माझ्यापुढे पुडी धरली. "घ्या बाई."

विश्वजीत धावत खाली आला. "काय झालं? का थांबलात?"

"बाई दमल्या," बिभीषणराव म्हणाले.

मी दमले होतेच, म्हणून मान हलवली. विश्वजीतनं मला हायड्रेशनबद्दल बरंच काही सांगितलं. ते ऐकत आम्ही वर आलो. गाठ दिवसभर तशीच होती.

परतीच्या गाडीत सिल्लोड यायच्या आतच बिभीषणरावांना डुलकी लागली. सारजाबाई शेजारी बसल्या होत्या. बिभीषणरावांचं डोकं आधी खिडकीकडे गेलं, मग इकडे, आणि मग सगळं अंगच सारजाबाईंच्या खांद्यावर रेललं. पाय रोवलेले नव्हते, हात सुटलेले होते. आधी तपासून बघितलं नव्हतं.

सारजाबाई पुढच्या सीटला धरून जरा नीट बसल्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "लई जड हाय हा माणूस. त्या पट्ट्याचा काय दोष नव्हता."